मोतीबिंदू शिबिरांच्या आयोजकांना खुले पत्र: सहाव्या आठवड्याची पोच

प्रति,
नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत मोफत मोतीबिंदू शिबिरं भरवणारी मंडळं, ट्रस्ट, नगरसेवक आणि त्यांचे कार्यकर्ते

विषय: साखर असलेल्या रुग्णांच्या डोळ्याचा पडदा (रेटिना)

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्यानं ओळखतात. शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसणारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, ‘घराजवळची खूण सांगा’ म्हणून लोकांचं डोकं खाणारा म्हातारा तो मीच. ३४ वर्षं पोस्टात काढली. निवृत्त झालो तेव्हा अक्षर बरं आहे म्हणून एका कार्यकर्त्यानं हातात रजिस्टर दिलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या मंडपात असतो. कधी नंदनवन, कधी पाचपावली, एकदा तर पार काटोल. त्यामुळे हे पत्र म्हणजे बाहेर उभं राहून केलेली टीका समजू नका. यात माझं स्वतःचं अक्षर अडकलेलं आहे. कसं, ते पुढे येईलच.

शिबिरं बंद करा, असं मला म्हणायचं नाही. उलट ती हवीतच. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरच्या अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्के लोक मोतीबिंदूमुळे अंध असल्याचं निघालं. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, तरी ही अवस्था. कळमेश्वरच्या पुढच्या खेड्यातली आजी नातवाचा हात धरून येते आणि दुसऱ्या दिवशी नातवाला मागे टाकून पुढे चालत जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या कामाचं पुण्य तुमचं तुम्हाला.

माझं म्हणणं आहे ते पट्टी सुटल्यानंतरचं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या बायकोचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अशाच एका शिबिरातून झालं. कुठलं शिबिर, कुठलं हॉस्पिटल, ते सांगत नाही. त्याचा इथे उपयोग नाही. ती तेव्हा ६४ वर्षांची होती आणि साखर असल्याला पंधरा वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ गोळी, मधूनच तपासणी, सणावारी पथ्याला सुट्टी, असं जे आपल्याकडे घरोघरी चालतं तेच. मी स्वयंसेवक म्हणून तिचा नंबर जरा लवकर लागला, हेही कबूल करून टाकतो.

ऑपरेशन उत्तम झालं. आठवड्याभरात ती कपाटासमोर उभी राहून म्हणाली, ‘अहो, ही साडी जांभळी हाये! मी तीन वर्षं काळी समजून नेसत होती.’ मोतीबिंदूचं पिवळट भिंग निघालं की निळे-जांभळे रंग असे अचानक उजळतात. त्या आठवड्यात तिनं घरातल्या सगळ्या वस्तूंची नव्यानं ओळख करून घेतली आणि बऱ्याचशा टाकून दिल्या. माझे दोन बनियन त्यात गेले.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिनं विचारलं, ‘खिडकीचे गज वाकले का हो?’

मी म्हटलं, गज कशाला वाकतील. पण तिला मधले दोन गज नागासारखे वळलेले दिसत होते. मग तांदूळ निवडताना ताटाच्या मध्यावरचे खडे सुटायला लागले. मग एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुमचे कान दिसतात, नाक पुसून टाकल्यासारखं वाटते.’ मी हसलो. आजही त्या हसण्याची लाज वाटते.

पुढच्या अडीच महिन्यांचा हिशोब असा. शिबिराच्या कार्यकर्त्याला फोन केला, तो म्हणाला, ‘शिबिर तर झालं न काका, आता मी काय सांगू.’ हॉस्पिटलात गेलो, तिथे पुढून बॅटरी मारून डोळा बघितला. भिंग जागेवर, जखम भरलेली, लाली नाही, डोळा छान. नंबर बदलला असेल म्हणून चष्मा झाला. त्यानं फरक पडला नाही म्हणून दुसरा चष्मा. शेजारच्या काकू म्हणाल्या जाळी आली असेल, लेझर मारून घ्या. बायकोच्या माहेरून सांगावा आला की फुकटात ऑपरेशन करू नये म्हणून आधीच सांगितलं होतं. मेडिकलवाल्यानं एक थेंबांची बाटली दिली. या सगळ्यात साखर हा शब्द कुणाच्याही तोंडी आला नाही. माझ्याही नाही.

शेवटी पडद्याच्या डॉक्टरांकडे पोहोचलो. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, अर्धा तास बसवलं, आत बघितलं आणि मग ओसीटी नावाची तपासणी केली. पडद्याचा उभा छेद घेतल्यासारखं चित्र येतं त्यात. पडद्याच्या बरोबर मध्यावर, जिथून आपण वाचतो आणि माणसं ओळखतो, तिथे निरोगी डोळ्यात एक छोटा खळगा असतो. तिच्या चित्रात त्या जागी टेकडी होती. पाणी भरलं होतं. आणि बाजूला, दोन्ही डोळ्यांत, जुन्या रक्तस्रावाचे बारीक ठिपके. ते ऑपरेशनमुळे झालेले नव्हते. ते साखरेचे होते आणि ऑपरेशनच्या आधीपासून तिथे असणार, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘ऑपरेशनआधी पडदा बघितला होता?’

मी बायकोकडे बघितलं. बायको माझ्याकडे. पिशवीत शिबिराचं कार्ड होतं. त्यावर ‘शुगर’ या शब्दापुढे निळ्या शाईत ‘आहे’ लिहिलेलं होतं. ती वाकून, डाव्या डोळ्यानं ते वाचत म्हणाली, ‘हे तर तुमचंच अक्षर हाये.’

आता जे समजून घेतलं ते माझ्या भाषेत सांगतो, डॉक्टर मंडळींनी चूक असेल तिथे कान धरावा. साखर वर्षानुवर्षं वर राहिली की पडद्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्या कुठे फुगतात, कुठे झिरपतात, कुठे बंद पडतात. डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बराच काळ नजरही कमी होत नाही. सहावर सहा, म्हणजे अगदी स्वच्छ वाचणाऱ्याच्याही पडद्यावर आजार असू शकतो. अशा डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन कितीही हलक्या हातानं केलं तरी डोळ्यासाठी ती जखमच, आणि जखमेला सूज येते. त्या सुजेची रसायनं भिंगाच्या जागेपासून मागे पडद्यापर्यंत पोहोचतात. धडधाकट वाहिन्या ते सहन करतात. आधीच झिरपणाऱ्या वाहिन्या आणखी झिरपतात आणि मधोमध पाणी साठतं. हे दुसऱ्या दिवशी होत नाही. साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते डोकं वर काढतं, कधी त्याहून उशिरा.

म्हणजे बघा, आपण दुसऱ्या दिवशी पट्टी काढतो, काळे गॉगल घालून पाहुण्यांसोबत फोटो काढतो, आठवड्यानं एकदा बघतो. आपलं काम जिथे संपतं, तिथून साखरवाल्या माणसाचा धोक्याचा महिना सुरू होतो.

हे किती जणांना होतं? ब्रिटनमध्ये ८१,९८४ डोळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास छापला गेला. ज्यांना मधुमेह नव्हता आणि दुसरीही काही जोखीम नव्हती, अशांत ऑपरेशननंतर ९० दिवसांत मधल्या पडद्याला सूज आली ती १.१७ टक्के डोळ्यांत. मधुमेह असलेल्यांत ४.०४ टक्के. पडद्यावर आधीच आजार जितका जास्त, तितका हा धोका चढत गेलेला. चार टक्के म्हणजे शंभरात चार. ऐकायला थोडे वाटतात. तुमच्या बॅनरवरच्या आकड्यांची बेरीज करून बघा, मग थोडे वाटणार नाहीत. शिवाय ते ब्रिटनचे रुग्ण. त्यांच्याकडे साखर असलेल्या माणसाला पडद्याच्या फोटोसाठी सरकार पत्र पाठवून बोलावतं. आपल्याकडे अनेकांचा पडदा जन्मात पहिल्यांदा बघितला जातो तोच असा, नजर गेल्यावर.

आपल्या देशाचे आकडेही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ५० वर्षांवरच्या मधुमेहींच्या राष्ट्रीय पाहणीत १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर साखरेचा परिणाम दिसला. साधारण सहात एक. आता तुमच्याच रजिस्टरचं कुठलंही पान काढा आणि ‘शुगर’च्या रकान्यात किती ‘आहे’ आहेत ते मोजा. मी लिहिलेत, मला माहीत आहे. शिवाय साखर असलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, म्हणून मोतीबिंदूच्या रांगेत साखरवाले जास्त सापडणार, हे ओघानं आलंच.

त्या ‘आहे’बद्दल मला थोडं जास्त बोलू द्या.

पोस्टात एक गोष्ट हाडात भिनते. पत्र पेटीत पडलं म्हणजे काम झालं नाही. पाठवणाऱ्याला पोच हवी असते. रजिस्टर पत्राच्या मागे ती पोचपावती चिकटवलेली असायची, ती सही होऊन परत येईपर्यंत माणूस खिडकीवर चकरा मारायचा. (ती रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. काळ आहे.) आणि ज्या पत्राचा पत्ता लागत नाही ते एका वेगळ्या कचेरीत जाऊन पडायचं. माझ्या हातचा ‘आहे’ तसाच, पत्ता नसलेला. मी तो लिहिला, कुणीतरी त्यावरून ऑपरेशनच्या सकाळी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघितली, आकडा चालण्यासारखा होता म्हणून आत घेतलं, आणि तिथे त्या शब्दाचं काम संपलं. सर्जनच्या दृष्टीनं साखर म्हणजे ‘आज ऑपरेशन करता येईल का’ एवढाच प्रश्न. पडद्याचं काय, हा प्रश्न विचारणारा माणूस त्या मंडपात नव्हताच. आम्ही बोलावलाच नव्हता.

आणि त्या सकाळच्या आकड्याचीही एक गंमत सांगतो, जी सगळ्या स्वयंसेवकांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ‘साखर जास्त निघाली तर परत पाठवतात’ हे गावोगाव पोहोचलंय. मग लोक आदल्या रात्रीपासून उपाशी राहतात. काही जण एकाच्या जागी दोन गोळ्या घेतात. सकाळी आकडा झकास येतो, आणि रांगेत उभी असलेली मावशी घामाघूम होऊन खाली बसते. मी स्वतः दोघींना साखरेचं पाणी पाजलंय. एका दिवसाचा आकडा असा फसवता येतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी फसवता येत नाही, आणि पडदा तर मुळीच नाही.

मग आपण पडदा का बघत नाही? दुष्टपणा नाही त्यात. कारणं साधी आहेत आणि मी ती टेबलामागून बघितली आहेत. थेंब टाकून बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, रांग तुंबते. बाहुली मोठी झाली की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. म्हातारा माणूस एकटा आलेला, त्याला ‘आपली बस’ पकडून बर्डीला (सीताबर्डीला) यायचं, तिथून हिंगण्याची गाडी शोधायची. नागपूरच्या उन्हात थेंब टाकलेल्या डोळ्यानं त्याला रस्त्यावर सोडायचं म्हणजे आपल्याच जिवाला घोर. म्हणून थेंब टळतात. दुसरं कारण खरोखरचं आहे: मोतीबिंदू पार पिकून पांढरा झाला असेल तर आतलं दिसतच नाही. सोनोग्राफीनं पडदा जागेवर आहे की सुटला, एवढं कळतं. झिरपणं कळत नाही. पण मग त्या माणसाचा पडदा ऑपरेशननंतर तरी बघायलाच हवा ना? आधी दार बंद होतं, आता तुम्हीच उघडलंत, आणि आत डोकावलं नाही.

यात सर्जनला मी दोष देत नाही. माझ्या बायकोचं ऑपरेशन ज्यानं केलं त्याचा हात सोन्याचा होता, हे नंतर पडद्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं. एका दिवसात इतकी ऑपरेशनं उरकायला लावणारे आपण. बॅनरवर आकडा छापणारेही आपणच.

तेव्हा माझी मागणी, आणि ती मोठी नाही.

ज्याच्या कार्डावर ‘शुगर: आहे’ असेल त्याच्या कार्डाचा रंग वेगळा करा. छापखान्यात पिवळा कागदही सहज मिळतो. त्या कार्डावर दोन ओळी जास्त असू द्या: ऑपरेशनआधी पडदा दिसला का, दिसला तर काय दिसलं, आणि ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्याची तारीख. अशा माणसाला सांगतानाच सांगायचं की सोबत कुणीतरी आणा, त्याशिवाय थेंब टाकणार नाही. सोबत नसेल तर स्वयंसेवकानं बसपर्यंत सोडायचं. आपण इतकी पोरं टी-शर्ट घालून उभी करतो, त्यांना एवढं काम जमेल. पडद्यावर आधीच आजार सापडला तर ऑपरेशन करायचं की आधी पडद्याचा इलाज, की दोन्ही सोबत, ते डॉक्टर ठरवतील. पण निदान त्यांना ठरवण्यासारखं काहीतरी हातात असेल.

आणि सहावा आठवडा. हाच माझा खरा हट्ट आहे. यासाठी नवा दिवस काढायचीही गरज नाही! चष्म्याचा नंबर आपण साधारण महिना-दीड महिन्यानंतरच काढतो आणि चष्मेवाटपाचा कार्यक्रम तुम्ही तसाही करता, हार-तुरे असतातच. त्याच दिवशी पिवळ्या कार्डवाल्यांच्या डोळ्यात थेंब टाका आणि पडदा बघा. शिबिरं आपण बहुतेक डिसेंबर-जानेवारीत घेतो, कारण उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये ही जुनी समजूत लोकांच्या मनातून जात नाही. या वेळी ती समजूत आपल्या कामाची आहे. डिसेंबर-जानेवारीपासून सहा आठवडे मोजले तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ येतो, होळीच्या आसपासपर्यंतचा. ऊन अजून डोक्यावर बसलेलं नसतं.

त्या दिवशी मशीन नसलं तरी एक चाळणी लावता येते. डोळ्यांच्या दुकानात काळी चकती असते, मध्ये बारीक छिद्र असलेली. पिनहोल म्हणतात. माणसाला त्या छिद्रातून तक्ता वाचायला लावायचा. छिद्रातून जास्त ओळी वाचता आल्या, तर बहुधा फक्त नंबरचा प्रश्न आहे, चष्मा द्या. छिद्रातूनही नजर सुधारत नसेल, तर चष्मा बदलत बसू नका, पडदा बघा. माझ्या बायकोला दोन चष्मे देण्याआधी कुणी ती चकती धरली असती तर दोन महिने वाचले असते. आणि हो, ‘जाळी आली’ हे प्रत्येक धूसरपणाचं उत्तर नाही. भिंगामागच्या पापुद्र्यावर जाळी येते ती बहुतेक वेळा काही महिने-वर्षांनी, आणि त्याचं लेझर वेगळं, पडद्याचं लेझर वेगळं. लोक दोन्हीला ‘लेझर’च म्हणतात आणि एक झालं म्हणजे दुसरंही झालं असं समजतात.

सूज सापडली तर पुढे काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो बरोबर आहे. कारण तिथे पैसा लागतो. थेंब, डोळ्यात इंजेक्शन, कधी लेझर. पडद्याच्या सुजेवर लेझरनं नजर जाण्याचा धोका निम्म्यावर येतो हे १९८५ सालीच एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानं दाखवलं होतं. आता इंजेक्शनं त्याहून चांगलं काम करतात, पण ती एकदा घेऊन भागत नाहीत, महिन्या-महिन्यानं घ्यावी लागतात. स्वस्त औषध आहे, महाग औषध आहे. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, नागपूरच्या या तिन्ही सरकारी रुग्णालयांत डोळ्यांचे विभाग आहेत. शिबिराआधीच त्यांच्यापैकी एखाद्या विभागाशी बोलून ठेवा, नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी द्या, कुठल्या वारी कुठल्या खिडकीवर जायचं ते लिहा. ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ म्हणजे पत्ता नव्हे. ३४ वर्षं पत्ते वाचलेला माणूस सांगतोय. फंडात पैसे उरत असतील तर दोन ऑपरेशनं कमी करा आणि त्या पैशात दोघांची इंजेक्शनं पूर्ण करा. बॅनरवरचा आकडा १०१ चा ९९ होईल. चालेल.

आता साखर असलेल्यांसाठी दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंतही जाईल आणि कुणीतरी म्हणेल, ‘बघा, मी म्हणतच होतो, शुगरवाल्यानं ऑपरेशन करू नये.’ असं अजिबात नाही. साखर आटोक्यात असेल आणि पडदा तपासलेला असेल तर बहुतेकांचं ऑपरेशन छान होतं आणि छान राहतं. पिकलेला मोतीबिंदू तसाच ठेवला तर मागचा पडदा कुणालाच बघता येत नाही. तो आणखी मोठा घोटाळा. उपाशी राहून आकडा पाडू नका. गोळ्या वाढवायच्या-कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून. ऑपरेशननंतरचे थेंब डोळा बरा वाटला म्हणून मध्येच सोडू नका, आणि तीच बाटली परत परत आणून महिनोन्‌महिने टाकतही राहू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढतो आणि काचबिंदूचं नवं झेंगट मागे लागतं. दाराची चौकट, खिडकीचे गज, वहीच्या ओळी एकेका डोळ्यानं बघत जा. वाकड्या दिसल्या तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे. अचानक काळे ठिपके उडायला लागले किंवा जाळं लोंबल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी. आणि काहीही वाटत नसलं तरी वर्षातून एकदा पडदा. ज्या दिवशी साखर निघाली त्या दिवसापासून, मोतीबिंदू असो नसो.

बायकोचं विचाराल तर पाच इंजेक्शनं झाली. सूज बरीच उतरली. उजव्या डोळ्यानं पेपरचे मथळे वाचते, खालचा मजकूर नाही. माझं नाक परत आलंय, जरासं तिरकं आहे म्हणते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकत आला आहे. त्याचं ऑपरेशन या वेळी आधी पडद्याचं लेझर करून, मग सहा महिन्यांनी, असं ठरलंय. ती घाबरलेली नाही. मी आहे.

मागच्या आठवड्यात एका मंडळाच्या मिटिंगला हे सगळं बोललो. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ‘काका, सहा आठवड्यांनी लोक परत येतच नाहीत, फोन लावला तर लागत नाही.’ खरं आहे. नोंदवलेला मोबाईल नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो, मुलगा पुण्यात असतो, आणि त्यानं दरम्यान सिम बदललेलं असतं. पण आजीचं घर बदलत नाही. मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या डाव्या हाताला, ते तिथेच असतं. उगाच नाही मी खुणा विचारत बसत. पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं, पोस्टमन ते दारात वाचूनही दाखवतो, आणि शेजारचे चार लोक ऐकतात ते वेगळंच.

तर या हिवाळ्याची कार्डं माझ्याकडून. जीपीओतून शंभर आणून ठेवली आहेत आणि मजकूर लिहूनही झाला आहे: ‘आपल्या डोळ्याचा पडदा तपासायचा आहे. सोबत एक माणूस आणावा. उपाशी येऊ नये.’ तारीख आणि जागा तेवढी कोरी आहे. ती तुम्ही कळवा.

आपला,
नोंदणीच्या टेबलावरचा एक निवृत्त टपाल कर्मचारी
नागपूर

ता. क. – पट्टी सोडल्यावर सगळ्यांना पेढा वाटायची पद्धत आपल्याकडे आहे. मागच्या वर्षी मीच ताट घेऊन फिरलो होतो. पिवळ्या कार्डवाल्यांना त्याऐवजी फुटाणे द्यावेत. बायको म्हणते, सगळ्यांनाच फुटाणे द्या, नाहीतर ते शेजारच्याच्या ताटातला उचलतील. तिचा अनुभव दांडगा आहे.